दात कशाने घासता?

प्लेटमध्ये शहाण्णव खळगे होते. आठ ओळी, बारा रकाने, एकेक खळगा हरभऱ्याचा दाणा बसेल एवढा. त्यांतल्या सोळा खळग्यांत माहीत असलेल्या मापाची द्रावणं होती; ती झाली मोजपट्टी. उरलेल्या ऐंशींत चाळीस बायकांची लाळ होती, एकेकीची दोन-दोन खळग्यांत, म्हणजे हात चुकला तर कळावं. चाळिसांतल्या वीस जणींना तोंडाचा कर्करोग होता. वीस जणींना काही नव्हतं.

अक्षताने शेवटचं द्रावण घातलं आणि निळे खळगे पिवळे झाले. लाळेतलं एक प्रथिन मोजायचं काम चाललं होतं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, म्हणून घाटकोपरच्या त्या प्रयोगशाळेत सगळे त्याला नुसतं 'आठ नंबर' म्हणत. तोंडात कर्करोग मूळ धरू लागला की आठ नंबर वाढतो, असा वसुधा मॅडमचा कयास होता. जितका जास्त, तितका पिवळा गडद. मॅडमनी आधीच्या कामावरून रेघ आखली होती चारशेवर. निरोगी माणूस रेघेच्या खाली, रुग्ण वर. हे जमलं तर पुढे कधीतरी एका थुंकीवर आजार लवकर पकडता येईल, एवढं साधं ते स्वप्न होतं.

यंत्राने आकडे दिले. वीस रुग्णांपैकी अठरा जणी रेघेच्या वर. वीस निरोगी बायकांपैकी सात जणीही वर.

"वाट लागली," पीएचडी करणारा सुबोध पडद्यात डोकावत म्हणाला. तो मुलुंडचा, अक्षतापेक्षा दोन वर्षांनी सीनियर. दुसऱ्याच्या प्रयोगाची वाट लागलेली त्याला पहिल्यांदा दिसायची. "कडेच्या खळग्यांत घातलेस ना निरोगी सॅम्पल? कडेला नेहमी जास्त सुकतं."

"कडेला मोजपट्टी होती."

"मग पिपेट बदल. नाहीतर हात बदल."

अक्षताने पिपेट बदललं, सॅम्पलच्या जागा बदलल्या आणि प्लेट परत लावली. तेच सात. त्यांतला सगळ्यांत वरचा आकडा 'सी-अकरा' अशी चिठ्ठी असलेल्या नळीचा: एक हजार एकशे चाळीस.

मग सुबोधने निरोगी बायकांची यादी भागाप्रमाणे लावली. आठ जणी घाटकोपरच्या कॉलेजातल्या होत्या, शिक्षिका आणि ऑफिसातल्या. बारा नाहूरच्या, अक्षताच्या इमारतीच्या महिला मंडळातल्या. साती जणी नाहूरच्या निघाल्या.

"काय गं, तुमच्या नाहूरच्या टाकीत काय टाकतात?" सुबोध हसला.

अक्षता हसली नाही. नळ्यांवर चिठ्ठ्या तिनेच चिकटवल्या होत्या, त्यामुळे कुठला आकडा कोणाचा हे तिला पाठ होतं. सी-अकरा म्हणजे रत्नप्रभा, वय छप्पन्न. सी-अकरा म्हणजे तिची आई. नमुना देताना तिने नळी उजेडात धरून विचारलं होतं, "थुकूक पण नळी लागता काय गो तुका?" आणि सगळं मंडळ खिदळलं होतं.

वसुधा मॅडमनी आकडे दोनदा वाचले. मॅडम घाबरत नसत आणि धीरही देत नसत.

"या सात जणींपैकी तंबाखू कोण घेतं?"

"कोणीच नाही, मॅडम. प्रत्येकीला मी स्वतः विचारलं होतं. तंबाखू खाता का? सगळ्या नाही म्हणाल्या."

"माणूस नाही म्हणतो. लाळ काय म्हणते ते बघ. कोटिनीन लाव."

निकोटीन अंगात गेलं की शरीर त्याचं कोटिनीन करतं, आणि ते काही दिवस लाळेत राहतं. किट यायला आठवडा गेला. ही चाचणी उलटी असते: कोटिनीन जितकं कमी, तितका पिवळा गडद. चाळीसच्या चाळीस सॅम्पल तिने लावले. निरोगी बायकांपैकी तेरा जणींचे खळगे लिंबाच्या सालीसारखे झाले आणि सात जणींचे पाण्यासारखे राहिले. तेच सात. सी-अकराचं कोटिनीन दोनशे बारा. एकाच्या खाली असलं तर मॅडम 'नाही' धरत.

"म्हणजे काकवा खोटं बोलल्या," सुबोध म्हणाला.

"माझी आई खोटं बोलत नाही."

"सी-अकरा तुझी आई?" त्याचं हसू ओठांवरच थांबलं. "सॉरी यार."

त्या संध्याकाळी अक्षता घरी आली तेव्हा बाबा, चंद्रप्रकाश, टीव्हीसमोर बसले होते आणि आई बांगड्याचं कालवण ढवळत होती.

"आई, तू तंबाखू खातेस?"

"मी?" आईने पळी वर धरली. "माका काय येड लागला? तुझ्या आजोबांनी गिरणीत तीस वर्षां काढल्यानी, पण तोंडात कधी चिमूट धरल्यानी नाय. आणि मी खातलंय?"

"नक्की ना?"

"बघा ओ, तुमचा चेडू काय इचारता ता!"

बाबा टीव्हीकडे बघतच म्हणाले, "शिकलेली मुलगी आहे. काहीही विचारेल."

अक्षता जेवली, झोपली. सकाळी ती दात घासायला गेली तेव्हा बेसिनपाशी आई उभी होती. डाव्या हातावर काळी पूड, उजव्या हाताचं बोट तोंडात, डोळे अर्धवट मिटलेले. घरात जळक्या पानाचा तो वास होता. तो रोजच असायचा. दर पंधरवड्याला आई जुन्या तव्यावर तंबाखूचं पान काळं होईपर्यंत भाजायची, चुरून डब्यात भरायची, आणि शेजारच्या रश्मी काकी खोकत खोकत येऊन त्यातली अर्धी वाटी घेऊन जायच्या. अक्षता जन्मल्यापासून हे बघत आली होती. जीवरसायनशास्त्रात एमएस्सी करतानाही बघत होती. कॉलेजात तंबाखूच्या विषारी द्रव्यांवर सेमिनार दिला होता, तो पाठ करायला ती याच बेसिनसमोर उभी राहायची, आरशात बघत.

"आई, ती मशेरी आहे."

आईने चूळ भरली. "मगे काय कोळसो वाटलो तुका?"

"मशेरी म्हणजे तंबाखूच ना!"

"तंबाखू खातत. मशेरी काय कोण खाता? ती दात घासूची." आईने नळ बंद केला. "तू इचारलंस, तंबाखू खातंस काय. मी सांगलंय, नाय. त्येत खोटा काय सांगलंय?"

प्रश्न तिने विचारला होता, उत्तर तिने ऐकलं होतं, आणि 'नाही'वर खूण करताना तिलाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं.

मॅडमनी ते ऐकलं आणि पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "चूक तुझी आहे, तशीच माझीही. ती प्रश्नावली मी मंजूर केली. प्रश्न बदल."

नवा प्रश्न होता, दात कशाने घासता? अक्षता तो घेऊन नाहूरला मंडळाच्या खोलीत गेली, आणि ज्या प्रश्नाला महिन्यापूर्वी बारा वेळा 'नाही' आलं होतं, त्याची उत्तरं आता बायका एकमेकींच्या वरताण देऊ लागल्या.

"मशेरी. सकाळी एकदा आणि जेवल्यावर एकदा."

"एकदा म्हणे! दुपारी दाराआड कोण लावत बसते गं मग?"

"रश्मी काकी, तुम्ही?"

"माझं काय, तुझी आई देईल तेव्हा. तिच्यासारखी भाजायला कोणाला जमते!"

सात जणी मशेरीवाल्या, पाच जणी पेस्टवाल्या. आकड्यांशी तंतोतंत जुळलं. प्रयोग वाचला होता: सात जणींचा वेगळा गट करायचा, कागदावर एक रकाना वाढवायचा. सुबोधने तिच्या टेबलावर चहा आणून ठेवला. "झकास. चूक केलीस ती पण छापण्यासारखी."

पण मॅडमनी साती जणींना ओळखीच्या दंतवैद्याकडे पाठवलं. मशेरीने आठ नंबर वाढतो म्हणून जो वाढला तो मशेरीनेच, असं धरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर देवव्रत अंधेरीला बसत. त्यांनी सहा जणींच्या हिरड्या बघून कानउघाडणी केली आणि सोडलं. सातवीचा खालचा ओठ त्यांनी बोटाने उलटा केला आणि तसाच धरून ठेवला.

"हा पांढरा चट्टा कधीपासून आहे?"

"माका काय म्हायत? ओठाच्या आत कोण बघता?" रत्नप्रभा ओठ सुटल्यावर म्हणाली.

डॉक्टरांनी अक्षताला समजावलं. असे चट्टे मशेरीच्या चटक्याने उठतात आणि ती थांबली की बरेचसे विरतातही. काही विरत नाहीत. मशेरी पूर्ण बंद करायची, सहा आठवड्यांनी परत यायचं. मॅडमनी त्यात आपली भर घातली. "त्याच वेळी परत लाळ घेऊ. मशेरी सुटली आणि आठ नंबर उतरला, तर तो मशेरीचा होता. मशेरी सुटूनही तो तसाच राहिला, तर चट्ट्याचा तुकडा काढून तपासायचा, थांबायचं नाही."

"आणि मशेरी सुटलीच नसेल तर?"

"तर काहीच कळणार नाही. पुन्हा सहा आठवडे. आणि सी-अकरा तू लावायची नाहीस. सुबोध लावेल."

घरी बाबांनी पैज लावली. "हिने मशेरी सोडली तर मी मासे सोडीन."

"सोडा तर," आई म्हणाली, आणि डबा खिडकीबाहेर झटकून, घासून त्यात जिरं भरलं.

पहिले काही दिवस वाईट गेले. तिला सकाळी कोठा साफ होईना, डोकं ठणके, भांडी आपटत. रश्मी काकींनी दाराशी येऊन हळूच पुडी पुढे केली तेव्हा तिने त्यांना अशी काही ओवी ऐकवली की दोघी चार दिवस बोलल्या नाहीत. बाबांनी शुक्रवारी निमूटपणे वरण-भात खाल्ला. पुढच्या शुक्रवारी सुरमई आणली आणि पैजेचा विषय कोणी काढला नाही. तरी अक्षताला खात्री नव्हती. दिवसभर ती प्रयोगशाळेत असायची. आल्यावर ती हवेत वास शोधायची, आणि तिच्या नाकाला तो वास कधी कळतच नव्हता, हे तिला आता माहीत होतं.

"खरं सांग, अधूनमधून लावतेस ना?"

"सोडलंय म्हणजे सोडलंय. तुझी ती नळी माझ्यापेक्षा खरी काय गो?"

सहा आठवडे झाले. आईने नळी भरून दिली. सुबोधने सोमवारी आठ नंबर लावला. अक्षता त्याच खोलीत, पाठ करून, दुसऱ्याच कामाच्या नळ्या धूत होती. यंत्र वाजलं. ती वळली.

सी-अकरा: एक हजार शहाण्णव.

"कोटिनीन उद्या लावतो," तो म्हणाला. "ऐक, सहा आठवडे कोणी एकदम सोडत नाही. माझ्या बाबांची सिगारेट चार वेळा सुटलीये. काकूंनी चोरून लावली असणार, बघ तू."

"हो," अक्षता म्हणाली. "लावली असेल."

घरी जाताना तिने स्वयंपाकघरातले डबे डोळ्यांसमोर आणले. जिऱ्याचा, मोहरीचा, गॅसच्या मागचा पोह्यांचा. रात्री आई भांडी घासायला वळली तशी तिने ते एकेक करून उघडले. तळापर्यंत बोट घालून बघितलं, बोट हुंगलं. काही सापडलं नाही. मग ती दारात उभी राहिली.

"आई, मी ओरडणार नाही. एकदा तरी लावलीस ना? एकदाच?"

आईने ओल्या हातानेच कपाळावरचे केस मागे सारले. मुलीच्या चेहऱ्याकडे बघून ती काहीतरी तिखट बोलायची थांबली.

"नाय गो बाय," ती म्हणाली. "तुझ्या शप्पथ."

अक्षताने मान हलवली. शप्पथ खोटी निघावी, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं.

मंगळवारी सुबोधने कोटिनीनची प्लेट लावली. या वेळी अक्षता शेजारी उभी होती. मॅडमही आल्या. शेवटचं द्रावण पडलं. तुलनेसाठी लावलेले, मशेरीवाल्या बाकीच्या सहा जणींचे खळगे पाण्यासारखे राहिले. सी-अकराचे दोन खळगे आधी फिकट पिवळे झाले, मग गडद. सुबोधने प्लेट यंत्रात सरकवली.

सी-अकरा, कोटिनीन: पहिल्या खळग्यात शून्य पूर्णांक दोन, दुसऱ्यात शून्य पूर्णांक एक. आईची शप्पथ खरी होती.