खिळा नसलेल्या खोल्या

धाकट्याच्या दोन खोल्यांत नऊ वर्षांत एक खिळा ठोकला गेला नव्हता. घरमालकाला खपत नाही, असं थोरल्या भावाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. हा घरमालक कधी कुणी पाहिला नव्हता. भाडं थोरल्याच्या हातात द्यायचं आणि तो ते पोचवायचा. एकदा आरसा टांगायला बायकोने हातोडी उचलली, तेव्हा धाकट्याने तिचं मनगट असं पिरगळलं की आठवडाभर तिला बादली उचलवेना. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं होतं, छप्पर गळकं का असेना, पण आपलं हवं.

म्हणून तो बँकेत गेला. पहिलं घर घेणाऱ्याला कर्जात सवलत होती. फक्त नोकरीचा दाखला हवा होता. अकरा वर्षं तो थोरल्याच्याच वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करत होता. थोरला परगावी होता, तेव्हा कारकुनानेच दाखला लिहून त्यावर शिक्का मारला.

बँकेतल्या बाईंनी दाखला वाचला, संगणकात नाव घातलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"नोकरीचं ठीक आहे. पण हे तुमचं पहिलं घर नाही. नऊ वर्षांपूर्वी तुमच्या नावावर घर घेताना तुम्ही सवलत घेतलीय, याच वर्कशॉपच्या दाखल्यावर."

त्याला हसू आलं. मग बाईंनी पत्ता वाचून दाखवला. सकाळी ज्या दाराला कुलूप लावून तो निघाला होता, त्याच दाराचा तो पत्ता होता. जुन्या कर्जाच्या अर्जाखालची सहीही त्याचीच होती.

वर्कशॉपची रीतच तशी होती. माल बाहेर पाठवायच्या पावत्यांवर सही धाकट्याची लागे. थोरला कागद आणून गॅसच्या सिलिंडरवर पसरी, "इथे, इथे आणि इथे" म्हणे. धाकटा तोंडावरची ढाल वर सारी आणि हातमोजा न काढता सही ठोकून मोकळा होई. वाचायचं कशाला? सख्ख्या भावावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात, त्यातलं आंधळं कोण ते त्याला बँकेच्या खुर्चीत कळलं.

तो वर्कशॉपमध्ये शिरला तेव्हा थोरला परतून टेबलाशी बसला होता. धाकट्याने आपली टोकदार हातोडी उचलली. वेल्डिंगच्या जोडावर जमलेली खपली उडवायला तो रोज तीच वापरी.

"घर कुणाचं आहे, दादा?"

थोरल्याने हातोडी पाहिली, तरी मोठेपणा सोडला नाही. "माझ्या नावावर आधीच एक होतं, मला सवलत कोण देणार? तुझं नाव रिकामं पडलं होतं, ते वापरलं. तुला डोक्यावर छप्पर मिळालं ना?"

पहिला घाव खांद्यावर बसला आणि हाड मोडलं. दुसऱ्याने जबडा गेला. दोन दात टेबलावरच्या पावत्यांत पडले. थोरला खुर्चीसकट उलटला, वाचवायला उजवा हात पुढे केला, आणि कागद पसरणाऱ्या त्या हाताची बोटं धाकट्याने फरशीवर ठेचली. चौघा कामगारांनी मिळून त्याला मागे ओढलं तेव्हा तो रक्ताने भिजला होता. भावाचं त्याला काडीचंही वाईट वाटलं नाही. त्याला बायकोचं मनगट आठवत होतं. ते त्याने स्वतःच्याच भिंतीसाठी पिरगळलं होतं.

पोलीस चौकीत बायको धावत आली, पण तिला दाराशीच थांबवलं. टेबलामागचा पोलीस खाली मान घालून लिहीत होता.

"नोकरी?"

"होती. आज दुपारपर्यंत."

"राहतं घर भाड्याचं की स्वतःचं?"

"स्वतःचं," धाकटा म्हणाला.

पोलिसाने ते लिहून घेतलं. दारातून बायकोने ऐकलं. काय झालं ते तिला येताना वाटेत कळलंच होतं. ती रडली नाही की ओरडलीही नाही.

"मग आता आरसा टांगू का?" तिने विचारलं.