शिवराक गोळी

माझ्या बायकोला आमच्या वाडीने आळशी ठरवलं, आणि ठरवणाऱ्यांत पहिला मी होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी लोकांना शिव्या घालणार आहे, तेव्हा कुणी मला साधू समजायला नको.

सुभद्रा लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पायाला उसंत नव्हती. विहिरीवर जाऊन येईपर्यंत माझी विडी संपत नसे. पाचव्या वर्षी, म्हणजे अठ्ठावन्न साली, तिला काय झालं कुणाला कळेना. ऐन वैशाखात चिरेखाणीवर माझ्या अंगाचं पाणी होत असायचं आणि ही घरात गोधडी पांघरून बसलेली. तोंड सुजलं, भुवयांची टोकं झडली, आवाज पुरुषासारखा घोगरा झाला. पेज ढवळता ढवळता डाव हातात धरून झोपायची. खायची चिमणीएवढं आणि अंग मात्र सुटत चाललं होतं. शेजारची राधाबाई पाणवठ्यावर सांगायची, "लपान खाता ती."

मी खाणीवरून यायचो, भांडी तशीच पडलेली असायची. मी म्हणायचो, "पाय मोडले काय तुझे?"

ती म्हणायची, "उठतंय." आणि उठायला ती इतका वेळ लावायची की शेवटी भांडी माझी आईच घासून टाकायची.

आई माझी, जानकी, साठीची. नवरा वारल्यावर मासळीची टोपली डोक्यावर घेऊन तिने मला वाढवलं. तोंड फाटकं, पण डोळा धारदार. एक दिवस मी सुभद्रेवर ओरडत होतो, तेव्हा ती मला म्हणाली, "आळशी माणूस सबबी सांगता रे. कधी कंबार दुखता, कधी डोक्या. ह्या पोरीन एक तरी सबब सांगल्यान? गप बसान शिव्यो खाता. हेका आळस म्हणत नाय. ह्यां दुखणां आसा."

दुसऱ्या दिवशी ती सुनेला घेऊन वेंगुर्ल्याला निघाली. मी मागून गेलो, लाजेकाजेस्तव.

डॉक्टरांनी सुभद्रेला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल हललं, पण जागेवर यायला निवांत वेळ घेतला. डॉक्टरांनी परत मारली. परत तसंच.

आई म्हणाली, "पायसुद्दा उठतंय म्हणता आणि बसान रवता."

डॉक्टर हसले. म्हणाले, "आजी, तेच बघत होतो मी. गळ्यात थायरॉइड म्हणून एक ग्रंथी असते. शरीराची चूल ती फुंकते. हिची फुंकणारीच दमली आहे, म्हणून हिचं सगळं मंद. पोट मंद, आवाज मंद, डोकं मंद. ही आळशी नाही."

हे शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून बोलले. मी भिंतीकडे बघत होतो.

मग त्यांनी सांगितलं ते असं. रोज सकाळी एक गोळी, उपाशीपोटी, चहाच्या तासभर आधी. भात कमी, भाजी जास्त, मासे खावेत. सकाळ-संध्याकाळ मैलभर चालायचं. आणि गोळी जन्मभर. "बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. बंद केली तर हे सगळं परत येईल, आणि एक दिवस ही झोपेल ती उठायची नाही."

गोळी सोपी होती. चालणं अवघड गेलं, कारण आमच्या वाडीत बाई रिकाम्या हाताने चालत नाही. डोक्यावर भारा, कमरेवर घागर, गेला बाजार हातात कोयता तरी हवा. पहिल्याच सकाळी सुभद्रा सड्याच्या, वरच्या कातळमाळाच्या, वाटेला लागली तर दर कुंपणाच्या बेड्याआड एक बाई उभी. "खंय चललंस गो?" ती खरं सांगायची, "खंय नाय, अशीच चलतंय." असंच? असंच कोण चालतं? चौथ्या दिवशी शेजारचा बाबली खाणीवर धावत आला, म्हणाला, "गुरुदास, तुझी बायल घोव सोडून माहेराक चलली. हातात बोचकासुद्दा नाय." या बाबलीला स्वतःच्या घरात काय शिजतं ते माहीत नसे, पण माझी बायको कुठल्या पायवाटेवर आहे ते बरोबर माहीत.

सुभद्रा म्हणाली, आता चालायचं नाही. आईने माळ्यावरून आपली जुनी मासळीची टोपली काढली, वर फडकं घातलं आणि तिच्या हातात दिली. "जाताना कोण इचारल्यान तर सांग, हाडूक जातंय. येताना इचारल्यान तर सांग, दिवन इलंय."

"काय दिलंय म्हणान इचारल्यानी तर?"

"तर म्हणाचां, तुका कित्याक व्हया?"

एका रिकाम्या टोपलीने वाडीचं तोंड बंद झालं. सुभद्रा रोज दोन वेळा 'हाडूक', म्हणजे आणायला, जाई आणि देऊन येई. महिन्याभरात सूज उतरली. दोन महिन्यांत ती विहिरीवरून हाक मारू लागली आणि ती हाक मला खाणीच्या वाटेवर ऐकू येऊ लागली. ते ऐकून मला बरं वाटायचं. आमच्याकडे पुरुष असलं बोलत नाहीत, फार फार तर बाजारातून चांगला बांगडा आणतात. मी आणला.

आणि मग मी शहाणपणा केला.

मी चौथीपर्यंत शिकलेला. पुढचं सगळं रद्दीतल्या पेपरांवर आणि एका फाटक्या डिक्शनरीवर शिकलो, त्याचा मला माज होता. आषाढात गोळ्यांची नवी बाटली आणली, तिच्यात इंग्रजी कागद होता. दोन संध्याकाळी डिक्शनरी घेऊन बसलो आणि उलगडलं. ओटीवर बसून मोठ्याने सांगितलं, "आये, ऐक. ही गोळी कसली म्हायत आसा? मेंढराच्या गळ्यातली ग्रंथी. सुकवून पूड केलेली."

आई तांदूळ निवडत होती. ती थांबली. म्हणाली, "गप रव." पण सुभद्रा दारात उभी होती.

श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणात घर शिवराक, म्हणजे मासळी-मटणाचं नाव नाही. चुलीवरची मासळीची मडकीसुद्धा बाहेर पडवीत जातात. त्यानंतर चवथ, गणपती. नैवेद्याचा सगळा स्वयंपाक सुभद्रेच्या हातचा. मला त्यात काही दिसलं नाही. जो कागद वाचतो त्याला घर वाचता येतं असं नाही.

तिसऱ्या सोमवारी खाणीवरून आलो तर ती पडवीत गोधडी घेऊन. हातात नारळ, विळीसमोर झोपलेली. टोपली खुंटीला. मी हाक मारली. ती "काय" म्हणाली. तोच घोगरा आवाज. मी बाटली काढून बघितली. भरलेली.

मी ओरडलो. मेंढराची हाडं मोजत बसलाय काय तुझा देव, असं म्हणालो. मरशील, डॉक्टरने सांगितलंय, असंही म्हणालो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी बोलली, "वाचल्यात तुमीच. माका म्हायत नसतां तर मी घेतलां असतां. आता म्हायत आसा. मेंढरू खावन त्याच तोंडान देवाचो नैवेद्य करू? चवथ होवंदे. मगे घेतंय."

चवथीला अजून दोन आठवडे होते. मला रडू आलं तेसुद्धा रागानेच.

आई हे सगळं ऐकत होती. तिने इरलं डोक्यावर घेतलं आणि पावसात देवळाकडे गेली. आमच्या देवळात कौल लावतात. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लोक लग्नं मोडतात या पाकळ्यांवर. माझी बायको जगणार की नाही ते आता एक पाकळी ठरवणार, या विचाराने मी उंबऱ्यावर बसून दात खात होतो.

आई परत आली, पदराने पाय पुसले, बाटलीतली गोळी काढून सुभद्रेच्या हातावर ठेवली. "देवान सांगल्यान. औषदाक शिवराक-बिवराक नाय. घे."

"कौल दिल्यान?"

"घे म्हणतंय मा."

सुभद्रेने घेतली. चवथ आली तेव्हा ती पुरती सुधारली नव्हती, पण मोदक तिनेच वळले. एकेक मोदकाला वेळ लागला, एवढंच.

गणपती पोचवले. चार दिवसांनी मी बांगडे आणले. सुभद्रेने तिरफळं घालून तिखलं केलं. आईने आपल्या ताटात वरण घेतलं. म्हणाली, पोट बरं नाही. दुसऱ्या दिवशीही वरण. आठवड्यानेही वरण. मासळीची टोपली वाहून जिची मान आत गेली, ताटात माशाचं डोकं दिसलं नाही तर जी जेवणावर रुसायची, ती बाई. मला वाटलं म्हातारी आजारी आहे आणि लपवते आहे.

दिवाळीपर्यंत सुभद्रेचा आवाज पुन्हा मोकळा झाला. माझा देवावर विश्वास नाही, पण ज्याचं द्यावं त्याला द्यावं म्हणून एक नारळ घेऊन देवळात गेलो. दत्ताराम गुरवाला म्हटलं, "त्या दिवशी आयेक कौल दिल्यान, तेचो हो नारळ."

दत्ताराम म्हणाला, "खंयचो कौल? मी पाकळ्यो घेवन उभो रवलंय, तर तुझी आवस म्हणता कशी, पाकळ्यो तुझ्याकडेच ठेव. डावी पडली तर मी आयकूचंय नाय, मगे इचारू कित्याक? मी इचारूक येवक नाय, सांगूक इलंय."

"आणि काय सांगल्यान?"

"देवाक म्हणाली, माझी सून गोळी घेता, तू थंय बघू नको. जवसर ती गोळी घेता तवसर माझी मासळी मी तुका दिली. फिटांफीट." दत्ताराम नारळ हातात तोलत म्हणाला, "देवाक दटावणारी बाई मी पयलीच बघलंय."

मी घरी आलो. आई अंगणात काथ्या सोडवत होती. शेजारी बसलो. तिला कसं सांगावं कळेना. शेवटी म्हटलं, "आये, ती गोळी जन्मभराची आसा. डॉक्टरान सांगल्यान. पुढच्या श्रावणात सुटाची नाय."

तिने काथ्यातून मान वर केली नाही. "डाक्टरान सांगल्यान तेवा मी थंयच होतंय. बहिरी नाय मी."

मग काथ्याची गाठ सोडवत, "साठ वर्सां खाल्लंय. आता तिका खावंदे. डाक्टरान तिकाच खावक सांगल्यान."

आत भांडं वाजायचं थांबलं होतं. सुभद्रेने ऐकलं. ती बाहेर आली नाही. आमच्या घरात गळ्यात पडायची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपली घेऊन गेली ती नेहमीच्या वेळेला आलीच नाही. मी बेड्यापर्यंत दोनदा जाऊन बघितलं. राधाबाईने तेवढ्यात विचारलंच, "खंय गेली रे तुझी बायल?" मी म्हटलं, "हाडूक गेली." सुभद्रा आली ती घामाने निथळत. डोक्यावरची टोपली या खेपेला जड होती. फडकं काढलं. आत दोन नीरफणस, बिनगऱ्यांचे, भाजीचे. सड्यापलीकडे दत्तारामाच्या भावाकडे त्याचं झाड आहे, जाऊन-येऊन चार मैल.

दुपारी तिने फणसाच्या बांगड्यासारख्या तिरक्या चकत्या केल्या. मिरची, हळद, कोकमाचं आगळ चोळून तासभर ठेवल्या आणि तांदळाच्या पिठात घोळून तव्यावर टाकल्या. बांगड्याला करतात ते सगळं केलं. वास असा सुटला की बाबलीचं मांजर दारात येऊन बसलं.

सुभद्रेने पहिली चकती आईच्या ताटात वाढली आणि समोर उभी राहिली. आईने ती मोडली, तोंडात टाकली, सवयीने जिभेने काटा शोधला. बराच वेळ चावत राहिली.

"काटो नाय," ती म्हणाली. "बाकी बरां आसा. आणखी एक घाल."