डावरी गाठ

"मामा, बी तुमीच हितं ठिवलं का?" निलमनं दारातूनच विचारलं.

तातेरावांनी झोपेतच पोटाशी हात नेला. रात्री कमरेला बांधलेलं ओलं फडकं जागेवर नव्हतं. म्हातारा ताडकन उठून बसला, कारण त्यात गुंडाळलेलं भोपळ्याचं बी शेवटचं होतं.

"आत्याच्या वाकळेत हाय," घडीतून डोकावणाऱ्या फडक्याच्या गाठीकडे बोट दाखवत सून म्हणाली, पण उंबरा ओलांडून आत येईना.

भिकाबाईला जाऊन तीन महिने झाले होते. बायकोची वाकळ तातेरावांनी तिच्या बाजेवर घडी करून ठेवली होती. त्यांनी घडीत हात घातला. फडकं होतं. आणि माघाच्या थंडीत वाकळ कोमट लागत होती, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

भिकाबाईचा भोपळा बाळापूरच्या बाजारात दोन माणसं उचलून नेत. बी हे एवढं मोठं, जाड सालीचं. ती त्याच्या कडा दगडावर घासायची, दुपारपर्यंत कोमट पाण्यात भिजवायची आणि फडक्यात गुंडाळून चार दिवस पोटाशी बांधून हिंडायची. "त्याला लेकरागत ऊब लागती," म्हणायची. वेलावर फळ एकच ठेवायचं. भोपळा बाईनं आधी चिरायचा नाही अशी रीत, म्हणून पहिला घाव तातेरावांचा. सुतार माणूस, थेट करवतच काढायचे! भिकाबाई हसून हसून बेजार व्हायची.

गेल्या सालच्या बियांपैकी उंदरांनी तीन सोडल्या होत्या. पहिलं बी तातेरावांनी सुताराच्या सवयीनं पॉलिशपेपरवर गुळगुळीत घासलं, टोकासकट. कोंब टोकातूनच फुटतो, हे लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. दुसरं आठ दिवस पोटाशी बांधलं, ते कुजलं. "माह्या अंगात ऊबच न्हाई राहिली," ते तेव्हा निलमला म्हणाले होते, आणि ते खोटं नव्हतं.

"तूच ठिवलं असशील," आता ते म्हणाले.

"मी काहून ठिवू? आन ही गाठ बघा."

त्यांनी बघितली. भिकाबाई डावरी होती. तिची डाव्या हाताची गाठ उलटी पडायची आणि तातेरावांना चाळीस वर्षांत ती कधी सुटली नव्हती. आत्ताही सुटेना.

"मामा, मला भेव वाटून राहिलं. फेकून द्या ते."

त्यांनी फेकलं नाही. गाठ तशीच ठेवून पुन्हा कमरेला बांधलं, आणि दुसऱ्या सकाळी ते पुन्हा वाकळेत सापडलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते तिथंच राहू दिलं. दिवसभर बाजेशी बसून वाकळेवर हात ठेवला. त्या संध्याकाळी म्हातारा तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

चौथ्या सकाळी फडक्यातून पांढरा कोंब डोकावला.

"लावा की," निलम दारातून म्हणाली. "लांबला की मोडतो. आत्याच म्हनायच्या."

"आजच्या दिस राहू दे."

"काहून?"

"एकदा मातीत गेलं की त्याला ऊब कशाला लागंल?" त्यांनी वाकळ सारखी केली. "मंग ती काहून येईल?"

निलम चार दिवसांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आली आणि सासऱ्याशेजारी बसली. तिनं हात वाकळेवर ठेवला.

"आत्या त्याच्यासाठीच येऊन राहिल्या, मामा. मोडलं तर त्यांची तकलीफ वाया जाईल."

तातेराव उठले. फडकं कापायला त्यांनी कातरी मागितली, आणि तेवढ्यात गाठ आपोआप सैल पडली. दोघांनीही ते पाहिलं.

परसात त्यांनी टोक खाली करून बी पेरभर खोल लावलं, वर भुसभुशीत माती लोटली.

दुसऱ्या दिवशी जाग येताच त्यांनी वाकळेत हात घातला. ती गार होती. तिसऱ्या दिवशीही गार, चौथ्याही. पाचव्या दिवशी ती उचलून ते परसात गेले. माती फुटली होती आणि दोन जाड पानं बीची टोपी डोक्यावर घेऊन वर आली होती. तातेरावांनी भोवती चार काटक्या रोवल्या आणि थंडी लागू नये म्हणून वरून वाकळ पांघरली.

मग घरात येऊन त्यांनी खुंटीवरची करवत काढली. भोपळा पिकायला अजून चार महिने होते. उंबऱ्यात बसून ते एकेका दात्याला तेल लावत राहिले.