सावडलेलं हसू

किशोरनं वडिलांच्या राखेत हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. राख तर तिसऱ्या दिवशीची, पार गार पडलेली. त्यात वरच्या दातांची अख्खी ओळ होती. जराशी काळवंडलेली, पण एकही दात निखळला नव्हता. धरणाकाठच्या स्मशानात जमलेल्या माणसांकडं बघून ती हसत होती.

"ते हाड न्हवं," भावकीतले जनार्दनअण्णा म्हणाले. "डाक्टरचं काम हाय. टाका बाजूला."

बायकांच्या मागं उभ्या असलेल्या रंभाबाईंच्या अंगावर काटा आला. त्या हसण्याला त्या रोज जेवायला वाढत आल्या होत्या.

गेलेला बहिरू त्यांचा धाकटा दीर. दातांनी दगा दिल्यावर किशोरनं त्याला पिरंगुटच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथं जबड्याच्या हाडात स्क्रू घालून त्यावर कायमचे दात बसवत, आणि त्यांचा आकार आधी कॉम्प्युटरवर ठरवत. डॉक्टर सायली म्हणाल्या, "काका, तरुणपणीचा हसतानाचा फोटो द्या. तुमच्या चेहऱ्याला शोभतील असेच दात करू." आता बहिरूचे दात जन्माचे वेडेवाकडे, कॅमेरा दिसला की हा ओठ मिटून घ्यायचा. हसतानाचा फोटो आणणार कुठून? त्यानं थोरल्या भावाचा, रंभाबाईंच्या नवऱ्याचा, शंभूचा फोटो दिला. भाऊभाऊच, कुणाला कळतंय! असला उद्योग बहिरूनंच करावा.

रंभाबाईंना कळलं. नवे दात घेऊन तो ओसरीवर आला, हसला, आणि त्यांच्या हातातली परात खाली पडली. डावा सुळा जरासा पुढं, अगदी तस्साच. शंभू तरुणपणीच धरणात जाळं टाकायला गेला तो परतलाच नव्हता. होडी सापडली, माणूस नाही. शेवटी दर्भाचा पुतळा करून जाळला. पुतळ्याच्या राखेत सावडायला काय असणार? मडकं हलकंच राहिलं, आणि ते रंभाबाईंच्या जिवाला कायमचं लागून राहिलं.

वर्षं गेली. बहिरूची बायको वारली. त्याचे गाल बसले, डोळे खोल गेले, पण हसू तरणंताठं. दर तपासणीला डॉक्टर खूश. हाडानं स्क्रू घट्ट धरलेत, दात ठणठणीत. घरी रंभाबाई ताटावरून नजर उचलायच्या नाहीत. आधी नुसती भीती वाटायची. पुढं भलतंच होऊ लागलं. दीर कधी हसतो याची वाट बघत त्या भाकऱ्या थापायच्या, आणि तो हसला की चुलीकडं तोंड करून रडायच्या. या वयात, दिराकडं बघून! सांगायचं कुणाला?

शेवटच्या दुखण्यात बहिरू म्हणाला, "वैनी, दादाचा फटू दिलता म्या."

"ठावं हाय मला."

"मधी दात बदलून देती म्हनली हुती डाक्टरीणबाई. म्याच नगं म्हनलो. तुमी बघायच्या चोरून."

रंभाबाईंनी त्याचं पांघरूण सारखं केलं. सकाळी बहिरू गेलेला होता, आणि उशीवर शंभू हसत होता.

"टाका म्हनलं न्हवं," जनार्दनअण्णा पुन्हा म्हणाले.

"टाकू नगा." रंभाबाई पुढं आल्या. "ते माझ्या मालकाचं हाय."

विधवा भावजय, विधुर दीर, एकच छप्पर. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. ते रंभाबाईंना दिसलं. तरी त्या मागं सरल्या नाहीत.

किशोरला सारं ठाऊक होतं. तो फोटो मोबाइलवरून दवाखान्यात त्यानंच पाठवला होता. त्यानं दातांची ओळ उचलली, अस्थींसारखी दुधानं धुतली.

"काकी, वंजळ करा."

रंभाबाई एकट्याच गुडघाभर पाण्यात गेल्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी ओंजळीतल्या हसण्याकडं पोटभर बघून घेतलं. मग हात पाण्याखाली नेले आणि बोटं सोडली. खाली जाताना, दिसेनासं होईपर्यंत, ते हसत होतं.

मागं काठावर किशोर त्यांच्या चपला हातात धरून उभा होता.