रुजायला काय लागतं

"मग आपली मटकी काय बॅटरी लावून मोड आनती व्हय?" बनुबाई म्हणाल्या आणि फडक्याची गाठ सोडून त्यांनी मटकी परातीत ओतली.

अश्विनीला हसू आलं नाही. तिने मनवाच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि ते वाक्य स्वतः वाचलं. 'बी रुजण्यासाठी पाणी, हवा व सूर्यप्रकाश आवश्यक असतो. अंधारात बी रुजत नाही.' खाली रंगीत चित्र होतं. एका कुंडीवर हसरा सूर्य आणि कुंडीत हिरवा कोंब. दुसऱ्या कुंडीवर काळा डबा, आत नुसतं बी. त्याखाली चौकटीत लिहिलं होतं, 'करून पाहा.'

"एकानं जरी करून पाहिलं असतं ना, तर हे छापलंच नसतं," ती सासूला म्हणाली.

"आई, आ... आपण करू," मनवा म्हणाली.

मनवा नऊ वर्षांची होती आणि बोलताना अडखळायची. श्रीगोंद्यातल्या एका इंग्रजी शाळेत ती तिसरीपर्यंत गेली. सुट्टीत काय केलं ते सांग म्हणून तिथल्या बाईंनी तिला वर्गासमोर उभं केलं आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत खाली बसू दिलं नाही. ते कुणीतरी मोबाईलवर घेतलं. रात्रीपर्यंत पालकांच्या ग्रुपवर त्याच्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागली होती. अश्विनी शाळेत गेली तेव्हा प्रिन्सिपल म्हणाले, "मुलं आहेत, चालायचंच. तुम्ही घरी तिचा थोडा स्पीड वाढवून घ्या." अश्विनी वर्गात गेली, मनवाचं दप्तर उचललं आणि तिला घेऊन वस्तीवर परत आली. तेव्हापासून मनवा घरीच शिकत होती.

सासऱ्यांनी, आप्पासाहेबांनी, त्याला एका अटीवर होकार दिला होता. "एक वरीस शिकव. पाडवा झाला की सर येऊन तपासतील. सर हो म्हनले तर र्‍हाऊ दे घरी. न्हाईतर जूनला परत शाळा."

सर म्हणजे नृसिंह सर, नगरचे निवृत्त मुख्याध्यापक. आप्पासाहेबांच्या धाकट्या भावाला त्यांनी शिकवलं होतं आणि तो पुढे फौजदार झाला, त्यामुळे घरात त्यांचा शब्द मोठा होता. आता घरी शिकणाऱ्या मुलांसाठी निघालेल्या एका पुस्तकसंचाचे ते मार्गदर्शक होते. प्रत्येक पुस्तकाच्या मागे त्यांचा फोटो होता. आप्पासाहेबांनी तो संच नातीसाठी हौसेने आणला होता, मोटारसायकलच्या टाकीवर पुढ्यात धरून.

अश्विनी केमिस्ट्रीची पदवीधर होती. लग्नाआधी आणि नंतरही काही सीझन तिने साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची तपासणी केली होती. तिथे एक सवय लागली ती लागलीच. स्वतः पाहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. मनवासाठी पुस्तकं निवडतानाही तिने तेच केलं. पुस्तकात प्रयोग असेल तर आधी तो स्वयंपाकघरात करायचा, चित्र असेल तर खऱ्या वस्तूशी ताडून बघायचं. नगरच्या दुकानात तिने कोळ्याला सहाच पाय काढलेलं एक पुस्तक परत ठेवलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, पोरं पाय मोजत नाहीत."

"माझी मोजते."

"कोणत्या शाळेत आहे?"

"घरी शिकते."

"म्हणजे बाहेरून दहावी?"

"चौथी."

"बाहेरून चौथी?" त्याने शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि काउंटरवर दोन गाइडं आणि एक शुद्धलेखनाची वही ठेवली. "हे घेऊन जा. ह्याच्या बाहेर काही येत नाही."

कशात येत नाही, हे तिने विचारलं नाही. तिने मागच्या कपाटातून किड्यांवरचं एक पुस्तक आणि समुद्रसफरीची एक जाड गोष्ट शोधून काढली. नगरला मनवाला बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिला बजावलं होतं, "अडखळते म्हणून छोट्या वाक्यांची, सोपी पुस्तकं देऊ नका. वाचल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटेल असं द्या." मनवाने ती सफर वाचली आणि रोज जेवताना बनुबाईंना सांगितली. बनुबाई तिच्या तोंडात शब्द घालत नसत. मनवा अडकली की त्या भाकरी मोडत थांबायच्या आणि म्हणायच्या, "हां, मग?"

बी रुजण्याच्या त्या वाक्याबद्दल अश्विनीने सरांना फोन केला. मोठ्या माणसाची चूक काढायची म्हणून दुपारभर मनात वाक्यं जुळवली.

"सर, तुमच्या संचातल्या तिसऱ्या पुस्तकात बी रुजण्याचा धडा आहे. त्यात सूर्यप्रकाश लागतो असं छापलंय."

"बरोबर आहे."

"रोप वाढायला लागतो, सर. रुजायला नाही लागत. काही बारीक बियांना उजेड लागतो, पण चित्रात हरभरा आहे. हरभऱ्याला पाणी, हवा आणि ऊब एवढंच लागतं."

सर मायेने म्हणाले, "ताई, तुमचं शिक्षण झालंय, मला कल्पना आहे. पण चौथीच्या पातळीला एवढं चालतं. मुलांचा गोंधळ होतो."

"गोंधळ ह्यानं होतो, सर. घरात मटकीला मोड येताना मुलं बघतात."

"पुढच्या आवृत्तीत बघू. आणि एक सांगू का? तुम्ही फार खोलात जाता. मुलीला आधी बोलती करा."

फोन ठेवल्यावर अश्विनी बराच वेळ ओट्यापाशी उभी होती. सरांनी आवाज चढवला नव्हता. त्यामुळे कशाचा राग आला हे कुणाला सांगणंही अवघड होतं. नवरा, करण, ठिबक सिंचनाच्या दुकानातून आल्यावर तिने सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तुझं बरोबरंय गं. पण आप्पांच्या समोर सरांशी वाद नको. वर्ष वाया जाईल पोरीचं."

"चुकीचं शिकली तर वाया नाही जात?"

तो चार्जर शोधायला आत गेला.

प्रयोग मात्र झाला. मनवाने ओल्या कापसावर हरभरे ठेवून एक ताटली खिडकीत ठेवली आणि दुसरी पिठाच्या रिकाम्या डब्यात झाकण लावून. रोज झाकण उघडण्याचा मान तिचाच होता. दोन्हीकडचे हरभरे रुजले. डब्यातले कोंब तर जास्त उंच झाले, फिकट पिवळे, लुळे, उजेड शोधत वाढलेले. मनवा तो डबा घेऊन धावतच वस्तीच्या पलीकडे गेली. आप्पासाहेब तिथे उसाच्या बांधावर पाणी धरत होते.

"आप्पा, अं... अंधारात पण आलं."

"मंग?" आप्पासाहेब म्हणाले. "आगं, बी काय उन्हात ठिवत्यात व्हय? मातीखाली कुठं आलाय उजेड? येडी."

ती इतकी हसली की तिचा हात हलून एक हरभरा पाटात पडला.

पाडव्यानंतर सर आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसले. समोर खुर्चीत मनवा. आप्पासाहेब टोपी सारखी करत दाराशी बसले. सरांनी वाचायला दिलं, ते तिने थांबत थांबत वाचलं. गणितं घातली, ती तिने पटापट सोडवली. सर मान डोलावत होते. मग त्यांनी तिसरं पुस्तक उघडलं.

"बी रुजायला काय काय लागतं?"

"पाणी," मनवा म्हणाली. "ह... हवा. सू... सू..."

"सूर्यप्रकाश. छान."

मनवाने 'नाही' अशी मान हलवली. "सू... सूर्यप्रकाश ला..."

"लागतो. झालं, पुढचं घेऊ."

"सर, तिचं वाक्य झालं नाही," अश्विनी म्हणाली.

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मनवाने खुर्चीची कड घट्ट धरली होती. "लागत ना... नाही," ती म्हणाली. "मी डब्यात ठे... ठेवलं होतं. तरी आलं."

"पुस्तकात काय दिलंय, बाळ?"

"पुस्तकात चु... चुकलंय."

सरांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, फोटो वरच्या बाजूला. "बघा, आप्पासाहेब," ते म्हणाले. "मी म्हणत होतो ते हेच. घरी शिकणाऱ्या मुलांना शिस्त राहत नाही. आज पुस्तक चुकलं म्हणतेय, उद्या शिक्षक चुकले म्हणेल. तिला शाळेची गरज आहे."

"आप्पा," अश्विनी म्हणाली, "तुम्ही सांगा ना. बी कुठं पेरतो आपण?"

आप्पासाहेबांनी जन्मभर पेरणी केली होती. पाभर धरून आणि आता ट्रॅक्टरच्या मागे चालून. बी किती खोल जायला हवं ते त्यांना बोटाच्या पेरावर सांगता येत होतं. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"सर म्हनतेत ते बराबरच आसंल," ते म्हणाले. "आमी काय शिकलेलो न्हाई."

वाद घालणाऱ्याशी अश्विनीला बोलता आलं असतं. समोरच्या माणसाने जे माहीत होतं ते मुकाट्याने खाली ठेवलं होतं. त्याच्याशी काय बोलायचं?

सर उदार झाले. "असं करू. तिला पाच मिनिटं धडा वाचू द्या. मी परत तोच प्रश्न विचारतो. व्यवस्थित उत्तर दिलं तर माझी हरकत नाही, शिकू द्या घरी अजून वर्षभर. मला काय मुलीचं नुकसान करायचंय?"

मनवा पुस्तक घेऊन आत गेली. तेवढ्यात बनुबाईंनी सरांपुढे उसळीची बशी आणून ठेवली. "खावा, सर. अंधारातलीच हाय."

सरांना काही उलगडलं नाही. "वा, मोड छान आलेत," म्हणत त्यांनी चमचा उचलला. आप्पासाहेबांनी बायकोकडे डोळे वटारले. बनुबाई पदर खोचून तिथेच उभ्या राहिल्या.

अश्विनी आत गेली. मनवा स्वयंपाकघरात फरशीवर पुस्तक उघडून बसली होती. डोळे मिटून ओठ हलवत होती.

"मनू, तू जे पाहिलंस तेच सांगायचं. मी आहे."

मनवाने डोळे उघडले. "मग शा... शाळेत जावं लागेल?"

अश्विनीला खोटं बोलता आलं असतं. "कदाचित," ती म्हणाली. "मी खूप प्रयत्न करीन. पण कदाचित."

"त्याच बा... बाई असतील?"

"असतील."

मनवाने मान खाली घातली आणि बोट पुन्हा त्या ओळीवर ठेवलं. अश्विनीने पुस्तक तिच्या हातातून काढून घ्यायला हात पुढे केला. तो तसाच थांबला. नऊ वर्षांच्या मुलीने आपल्या आईच्या तत्त्वासाठी पुन्हा त्या वर्गात उभं राहावं, असं म्हणायचा अधिकार आपल्याला आहे का, हे तिला ठरवता येईना. ते ठरेपर्यंत मनवा उठून बाहेर गेली होती.

"बी रुजण्यासाठी पाणी, हवा व सूर्यप्रकाश आवश्यक असतो. अंधारात बी रुजत नाही."

अश्विनी दारात पोचली तेव्हा मनवाचं म्हणून झालं होतं. ती एकदाही अडखळली नव्हती. पाठ केलेलं, एका चालीत म्हटलेलं बऱ्याच मुलांना न अडखळता म्हणता येतं, स्वतःच्या मनातलं सांगायला गेलं की जीभ अडते, असं डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं होतं. खोलीतल्या बाकी कुणाला हे माहीत नव्हतं. आप्पासाहेबांचे डोळे भरून आले. सर उठून उभे राहिले आणि त्यांनी मनवाच्या डोक्यावर हात ठेवला.

"बघा, येतं की. नुसता सराव हवा होता. ताई, एवढ्या खोलात जायची गरज नसते. राहू द्या घरी. संचाचा दुसरा भाग मी पाठवून देतो."

"व्हय, व्हय, पाठवा," आप्पासाहेब म्हणाले.

सर गेले. अश्विनी म्हणाली, "मनू, ये इकडं." मनवा तिच्याकडे न बघता अंगणात निघून गेली. बनुबाईंनी सरांची रिकामी बशी उचलली आणि घासणीने जरा जास्तच जोर लावून घासली. हवं होतं ते मिळालं होतं. मुलगी घरी राहणार होती. ह्यावर रडायचं तरी कुठल्या तोंडाने, ते अश्विनीला कळेना.

संध्याकाळी मनवा पायरीवर बसली होती. मांडीवर संचातलं चौथं पुस्तक. कुणी सांगितलेलं नसताना ती पुढचा धडा म्हणत होती. डोळे मिटलेले, अंग पुढेमागे झुलत होतं. शब्द एकामागून एक सुटत होते, एका सुरात.

आप्पासाहेब गोठ्याकडून येता येता थांबले. "आवाज कसा मोकळा झाला बघ पोरीचा," ते म्हणाले.

अश्विनी दाराला टेकून उभी होती. ती प्रत्येक वाक्याला कान देत राहिली, कुठेतरी मनवा अडखळेल ह्या आशेने.