काटा नसलेली कोळंबी

"पुन्हा धुकं! या मेल्याला झालंय तरी काय?" ताई पुटपुटली. तिच्या पापण्या माझ्या काचेला टेकल्या होत्या. ती मनातल्या मनात कुरकुरली असती, तरी मला ऐकू गेलं असतं.

मेला म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. लहान गोष्टी मोठ्या करून दाखवणं हा माझा धंदा. मोठ्या गोष्टी लहान करून दाखवायचं काम माणसंच करतात, त्याला यंत्र लागत नाही.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथे धुळीचा एक कण सापडला तरी आरडाओरडा होत असे. माझी भिंगं घासणारा कारागीर काम करताना तोंड मिटून बसायचा. काचेवर श्वासाची वाफ नको, म्हणून. त्याच्या बायकोला वाटे, नवरा घुमा आहे. तसा तो नव्हता. त्याला फक्त सवय लागली होती.

लाकडी पेटीत भुसा भरून मला एका वस्तुसंग्रहालयात धाडलं गेलं. दर्शनी भागात मोठमोठे सांगाडे होते आणि तिथे मुलांची गर्दी असे. माझी खोली मागच्या बाजूला होती, लांबट, स्पिरिटच्या वासाची. फळ्यांवर बरण्याच बरण्या, आणि बरण्यांत कोळंब्या. ताई तेव्हा नुकतीच कामाला लागली होती. तिने पेटी उघडली, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं, मला ओरखडा पडू नये म्हणून, आणि मग दोन्ही हातांनी मला उचललं. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

ताईच्या कोळंब्या साध्या नव्हत्या. उबदार समुद्रातल्या प्रवाळांच्या फटींत राहणाऱ्या या कोळंबीची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असते. ही नांगी ती अशी फटकन मिटते, की पाण्यात एक बुडबुडा तयार होतो, फुटतो आणि कडाडकन आवाज होतो. समोरचं भक्ष्य जागीच गार. म्हणून ताई तिला टिचकी कोळंबी म्हणायची. "पाण्यात डोकं घाल," ती सांगायची, "कढईत काहीतरी तळतंय असं वाटेल. त्या या बायांच्या टिचक्या."

टिचकी कोळंबीच्या जाती शेकड्यांनी आहेत, आणि वरवर पाहिलं तर सगळ्या बहिणीबहिणी. डोळ्यांवर कवचाची टोपी कशी आहे, मोठ्या नांगीला खाच कुठे आहे, पायावर काटा आहे की नाही, असल्या बारकाव्यांवरून त्या वेगळ्या काढायच्या. एकदा एका शिकाऊ मुलीने दिवसभर खपून दोन ढीग केले, डावी नांगी मोठी असलेल्यांचा एक आणि उजवी मोठी असलेल्यांचा दुसरा. ताई हसून हसून बेजार. "अगं बाई, मोठी नांगी तुटली की दुसऱ्या बाजूची लहान नांगी वाढून मोठी होते. उद्या माझा उजवा हात मोडला आणि मी डाव्याने जेवले, तर मी काय निराळी जात होणार?"

स्पिरिटमध्ये पडली की कोळंबीचा रंग उडतो. निळी, हिरवी, पट्ट्यांची, सगळ्या पांढऱ्याफटक. म्हणून जिवंत असतानाच तिचं चित्र रंगवून ठेवावं लागतं. ते काम बारकीचं. बारकी ही ताईची धाकटी बहीण. आता पन्नाशीला टेकली आहे, पण नाव काही मोठं झालं नाही. माझ्या कुशीला आरसा बसवलेली एक आडवी नळी आहे. तिच्यातून बघितलं की कोळंबी आणि स्वतःची पेन्सिल एकाच वेळी दिसतात. बारकी त्या नळीला डोळा लावून रेघ ओढायची, आणि ताई शेजारी बसून सूचना करायची.

"मिशी लांब काढलीस."

"मिशी तिचीच लांब आहे, ताई. मी काय पदरची घालतेय?"

दोघींची अशी वर्षं गेली. एकदा परदेशचे एक नामांकित तज्ज्ञ आले होते. बारकीची चित्रं बघून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, असं स्वच्छ भिंग आता कोणी घडवत नाही. मी बरेच दिवस फुगून बसलो होतो. मला अजून पुष्कळ काही कळायचं होतं.

मग ती बरणी आली. आतली कोळंबी एका जुन्या, माहितीतल्या जातीसारखीच होती. फरक एकच बघायचा होता. जुन्या जातीच्या पायावर, मांडीच्या टोकाला, एक लहानसा काटा असतो. ताईने बघितलं. एक कोळंबी, दुसरी, तिसरी. बराच वेळ बघितलं.

"काटा नाही," ती म्हणाली. मग खुर्ची मागे सरकवून उभी राहिली. "बारके, काटा नाही! ही नवी जात आहे!"

निवृत्ती जवळ आली होती आणि इतक्या वर्षांत ताईच्या हाताला नवी जात लागली नव्हती. दुसऱ्यांच्या चुका सुधारण्यातच तिचा जन्म गेला होता. आणि नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा असतो.

"तुझं नाव देणार मी हिला," ताई म्हणाली. "आयुष्यभर माझ्या कोळंब्या रंगवल्यास. एक तरी तुझी असू दे."

बारकीने नाक पुसलं आणि ती चित्र काढायला बसली.

मित्रांनो, काटा होता. मी तो दाखवत होतो, अगदी स्वच्छ. बारकीला तो दिसला आणि तिने तो काढलाही. ताईने कागद उचलून उजेडात धरला, मान तिरपी केली.

"हा काटा कुठून आला?"

बारकीने पुन्हा माझ्यात बघितलं. मग ताईकडे बघितलं. ताई हल्ली समोरची वस्तू बघायलाही मान तिरपी करायची, जणू जे बघायचं तेवढंच मधून पुसलं गेलंय आणि कडेकडेने काय ते शिल्लक आहे. पाणी ओतताना तिचा नेम चुकायचा आणि ती पेल्यावर चिडायची. बारकीला हे ठाऊक होतं. मला तर तिच्याही आधी ठाऊक होतं, कारण ताईचा डोळा माझ्याइतका जवळून कोणी बघत नाही. पण जिने जन्मभर डोळ्यांवर भाकरी कमावली, तिला कोणी आणि कसं विचारायचं?

"भिंगात कचरा असेल गं," बारकी म्हणाली, आणि तिने तो काटा खोडला. रबराचा भुगा माझ्या पायाशी पडला.

त्या दिवसापासून माझे वाईट दिवस सुरू झाले. भिंगात कचरा, भिंगावर बुरशी, भिंगाला वय झालं. रोज मला पुसायचे, रोज मी तसाच. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मला खोलून आतबाहेर तपासलं, जोडलं, आणि समोर ठेवलेली कोळंबी बघितली.

"छान दिसतंय की! बुरशी नाही, ओरखडा नाही. तो पायावरचा..."

बारकीने ताईच्या पाठीमागून मान हलवली. दुरुस्तीवाला मुरलेला माणूस. तो थांबला, पेचकस पुसला. "वय झालंय हो याचं," तो म्हणाला. "नवीन घ्या."

संग्रहालयाच्या साहेबांनी लगेच नवीन मागवला. साहेबही ताईकडे न बघता बोलत होते. नव्या जातीवरचा ताईंचा लेख एवढा छापायला गेला की हा जुना माळ्यावर टाका, असं ते बारकीला म्हणाले, तेही माझ्यासमोर.

मला माळ्याचं भय नाही, मित्रांनो. यंत्र म्हटलं की ते कधी ना कधी माळ्यावर जायचंच. पण एक मागणं आहे. आम्हाला जरूर पुसा, झाका, कोरड्या जागी ठेवा. पण घरातलं माणूस चाचपडू लागलं, तर त्याचा दोष आमच्या माथी मारून मोकळे होऊ नका. तुम्हाला वाटतं तुम्ही त्याला जपता आहात. ते बिचारं मात्र तुमच्या भरवशावर चूक लिहीत सुटतं. एकदा लेख छापला की काटा असलेली कोळंबी "काटा नसलेली" म्हणून जगभर फिरणार होती, पुढे कित्येक माणसं तिला शोधत बसणार होती, आणि ज्या दिवशी कोणाला काटा दिसेल त्या दिवशी हसं व्हायचं ते ताईचं.

लेख द्यायची सकाळ उजाडली. साहेब दारात उभे. चित्रं, मजकूर, सगळं पाकिटात भरून तयार.

"एकदा शेवटची नजर टाकते," ताई म्हणाली.

"आता कशाला, ताई?" बारकी घाईने म्हणाली. "हजारदा बघून झालंय."

ताईने ऐकलं नाही. कोळंबी बशीत पालथी पडली होती. तिने लाकडी मुठीची सुई घेतली आणि पाय सरळ करायला मांडीवरून हलकेच पुढे सरकवली. तिचा हात फार हलका. मी दुसरा तसा पाहिलेला नाही.

सुई अडली.

ताईने ती मागे घेतली आणि पुन्हा सरकवली. मांडीच्या टोकाशी सुई पुन्हा अडली. तिने बरणीत हात घालून दुसरी कोळंबी काढली. मग तिसरी. आता ती माझ्यात बघतच नव्हती. डोळे मिटून, मान वर करून, बोटांनी ऐकत होती. सुई दर वेळी त्याच जागी अडत होती.

"घाईचं काही नाही, ताई," साहेब दारातून म्हणाले. "नवीन यंत्र येऊ दे, मग निवांत बघा."

"हो ना," बारकी म्हणाली. "या भिंगाचा काही भरवसा..."

"भिंगाला मधे आणू नकोस, बारके."

बारकीने तोंडावर हात ठेवला. ताईने सुई खाली ठेवली. चाचपत तिने बारकीचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"काटा आहे," ती म्हणाली. "मला दिसत नाही."