माझ्या अंगावरचा चार

“मावशे, तो चार पूस आधी!” गावचे पुढारी सुंदरराव ओरडले.

“न्हाई पुसत.”

“अगं, सगळा महाराष्ट्र बघणार हाय!”

“बघू दे की. महाराष्ट्राला चार वाचता येत न्हाई का?”

अंगणात जमलेले लोक हसले आणि सुंदररावांच्या तोंडाकडं बघून लगेच गप्प झाले. टीव्हीवाल्यांचा सत्यम कॅमेऱ्याशेजारी उभा राहून सारखं घड्याळ बघत होता. ऋतुजा पायरीवर बसली होती, तोंडावरची रंगरंगोटी घामानं उतरत चाललेली. आणि तिच्या आजीनं, केसरबाईनं, मला दोन्ही हातांनी पोटाशी गच्च धरलं होतं.

मी पाटी बोलतेय. दगडाची, लाकडी चौकटीची, एक कोपरा उडालेली. ज्या चारावरून नांदूरघाटात हे भांडण पेटलं तो माझ्याच अंगावर होता. मला बोलायची सवय नाही. माझ्यावर लोक लिहितात आणि पुसतात, मी सोसते. पण त्या दिवशी मला कायमचं गप्प करायची तयारी चालली होती, म्हणून बोलते. कुणाला राग आला तर येऊ द्या.

कुठल्या खाणीतून निघाले ते मला आठवत नाही. आठवतं ते कपिलधारच्या यात्रेतलं दुकान. केसरबाईनं तिथून मला तिच्या पोरासाठी, बजरंगासाठी घेतलं. बजरंगनं मला अभ्यासाला कमी आणि मारामारीला जास्त वापरलं; माझा कोपरा त्याच्या वर्गातल्या सटवाच्या डोक्यावर उडाला. पुढं वह्या आल्या आणि मी पिठाच्या डब्यावरचं झाकण झाले. एक-दोन नाही, चांगली आठ-नऊ वर्षं. पीठ अंगाला खाजतं, हे कुणाला सांगणार?

मग एका सकाळी केसरबाईनं पीठ काढलं आणि मला परत डब्यावर ठेवलंच नाही. पदरानं पुसून मांडीवर घेतलं. आदल्या दिवशी ती केजला जायला निघाली होती. गाडी कुठली म्हणून तिनं स्टँडवर एकाला विचारलं. त्यानं थट्टा म्हणून भलतीच गाडी दाखवली आणि बाई बीडला जाऊन पोचली. वाचता येत नव्हतं ना. परत आली ती रडत नाही, दात खात. “दुसऱ्याला इचारलं की माणूस भलत्याच गावाला जातंय,” म्हणाली.

तेव्हापासून ती रोज स्टँडवर जाऊन गाडीच्या पाटीवरची अक्षरं डोळ्यांत साठवायची आणि घरी येऊन माझ्यावर ओतायची. पहिला शब्द ‘केज’. तो इतका वाकडा की मलाच लाज वाटली. मास्तर नव्हता, बाई नव्हत्या. शाबास म्हणणारं कुणी नव्हतं आणि हातावर छडी मारणारंही नव्हतं. मग तीच पोर झाली आणि तीच मास्तर. आकडे तिला कॅलेंडरवरून येत होते. माझ्या उडालेल्या कोपऱ्याजवळ तिनं स्वतःला मार्क दिला, दहापैकी दोन. मग पुसलं, पुन्हा लिहिलं. पाचव्या दिवशी सात झाले. दहा तिनं स्वतःला कधीच दिले नाहीत. “दहा लिहिलं की हात थांबतोय,” म्हणायची.

नाचाचंही तिचं असंच. नागपंचमीच्या फेरात पुढं केसरबाई. तिचा एकच नियम. जिचं पाऊल चुकलं तिनं मधे यायचं आणि सगळ्यांसमोर एकटीनं ते पाऊल पुन्हा धरायचं. मग ती सून असो, नाहीतर सरपंचाची बायको. बाया तिच्या नावानं बोटं मोडत मधे यायच्या आणि पाऊल धरूनच बाहेर पडायच्या.

ऋतुजा बजरंगची पोरगी. पाच वर्षांची असताना ती याच अंगणात नाचली आणि धापा टाकत आजीसमोर उभी राहिली.

“आजी, किती?”

केसरबाईनं माझ्यावर लिहिलं, एक.

पोरगी भोकाड पसरून रडली. मग नाक पुसून पुन्हा नाचली. तीन. दिवस मावळेपर्यंत पाच झाले. त्या दिवशी मला इतक्या वेळा पुसलं की अंगाची आग झाली, पण पिठापेक्षा ती आग बरी.

पोरगी मोठी झाली. बीडला कॉलेजात शिकली, गॅदरिंगला नाचली, कुणीतरी हेरली आणि मुंबईला गेली. एका मालिकेत धाकटी जाऊ झाली आणि घराघरात ओळखली जाऊ लागली. मग टीव्हीवर नामवंतांच्या नाचाची स्पर्धा निघाली, त्यात तिला घेतलं. तीन परीक्षक दहादहापैकी मार्क देणार, लोक फोनवरून मतं देणार आणि दोन्हींची बेरीज होणार.

मत म्हटलं की आमच्या गावाला शिकवावं लागत नाही. सुंदररावांनी पंचायतीला करतात तसंच केलं. भावकीवार याद्या, गल्लीवार पोरं, बीडच्या स्टँडवर मोठं बॅनर. बॅनर आमच्याच बंकट पेंटरनं रंगवलं. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांच्या मुकादमांनासुद्धा फोन गेले, “तुझ्या टोळीतले चाळीस फोन आपल्या पोरीला पडले पायजेत.” आणि पडले. उसाच्या फडात टीव्ही कुठला? नाच न बघता चाळीस मतं!

केसरबाई मात्र दर रविवारी मला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसायची. परीक्षकांनी पाटी वर करायच्या आधी तिचा आकडा माझ्यावर पडलेला असायचा. रात्री ऋतुजाचा फोन यायचा, नमस्कार नाही, ‘जेवलीस का’ नाही, पहिलं तेच.

“आजी, किती?”

कधी सहा, कधी पाच. एकदा सात. एका रविवारी नाचाआधी टीव्हीवर ऊस तोडणाऱ्या बजरंगची चित्रफीत दाखवली. कोयता हातात, पाय चिखलात, मागं करुण बासरी. परीक्षकांच्या डोळ्याला पाणी आलं. तिघांनी दहा-दहा दिले. केसरबाईनं लिहिलं तीन.

“आजी, अगं तिघांनी दहा दिलेत!”

“ते तुझ्या बापाला दिलेत. बाप नाचला न्हाई.”

मग पोरगी म्हणाली, “गिरकी अर्धीच झाली, होय ना?”

“आता कशी बोललीस.”

गावात मात्र बोलणं उलटं. परीक्षकांनी कमी दिले की सुंदरराव पारावर गरजायचे, “पुण्या-मुंबईची माणसं ती, आपल्या पोरीला कमीच देणार! पब्लिक हीच खरी परीक्षक.” तीनदा पोरगी तळाला गेली आणि तीनदा आमच्या फोनांनी तिला वर ओढलं. तिच्या जागी कोण घरी गेलं, ते कसं नाचत होतं, हे गावात केसरबाईशिवाय कुणालाच सांगता आलं नसतं.

चौथ्या वेळी ती गिरकीत सरळ पडली. परीक्षकांचे पाच, चार, पाच. केसरबाईचे चार. मतदान मंगळवारपर्यंत होतं आणि सोमवारी टीव्हीवाल्यांची गाडी ऋतुजाला घेऊन गावात आली. आजीच्या पाटीची गोष्ट सत्यमला लई गोड वाटली होती. आजीनं पाटीवर दहा लिहून कॅमेऱ्यासमोर धरायची आणि म्हणायचं, माझ्या नातीला मत द्या. बस्स, एवढंच.

बस्स!

“मावशे, नात हाय ती तुझी,” सुंदरराव म्हणाले.

“म्हणूनच चार. परकी असती तर पाच दिले असते.”

“तुला काय कळतंय नाचातलं? कुठल्या शाळेत शिकलीस?”

“तुला तरी कुणी शिकवलं रं पुढारपण? तुला चड्डीचं बटण लावता येत नव्हतं तवापास्नं मी बघतेय.”

सत्यम मधे पडला. “आजी, हा फक्त एक आकडा आहे हो.”

“मग चारच ऱ्हाऊ दे. तो बी आकडाच हाय.”

एवढ्यात सत्यमच्या लक्षात आलं की पेन्सिलीचं अक्षर कॅमेऱ्यात नीट दिसत नाही. सुंदररावांनी बंकटला हाक मारली. बंकट पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन आला.

माझी काय गत झाली असेल विचार करा. पेन्सिल पुसता येते. ऑइलपेंट पुसता येत नाही. तो दहा माझ्यावर बसला की त्यावर पुन्हा काहीही लिहिता येणार नव्हतं, ना एक, ना नऊ, ना ‘केज’. दहा घेऊन मी मेलेली. मी चौकटीतल्या चौकटीत तडफडत होते आणि ते कुणाला दिसत नव्हतं.

तेव्हा ऋतुजा पायरीवरून उठली. आजीसमोर येऊन खाली बसली.

“आजी, मालिका बंद पडली गं माझी. तुला सांगितलं न्हाई. ह्यातून बाहेर पडले तर हातात काम न्हाई, मुंबईतली खोली सोडावी लागंल. चार बरोबर हायत, मला ठावं हाय. पण एकदा दे की दहा. एकदाच. लोकांसाठी.”

माझ्या चौकटीवरची केसरबाईची बोटं सैल झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिचा हात म्हातारा वाटला. बंकटनं मला अलगद काढून घेतलं, स्वतःच्या मांडीवर ठेवलं, ओल्या फडक्यानं चार पुसला आणि ब्रश डब्यात बुडवला. एक पांढरा थेंब माझ्या चौकटीवर पडला.

आणि केसरबाई बोलली.

काय बोलली ते सांगते. पण पुढचं आधी सांगून टाकते, कारण त्या वाक्यानंतर मला काही बोलायचं नाही.

ऋतुजानं बंकटच्या मांडीवरून मला हिसकून घेतलं. मग सुंदररावांनीच पुठ्ठ्याचा दहा हातात धरून मत मागितलं, तेच टीव्हीवर दाखवलं आणि पोरगी त्या आठवड्याला स्पर्धेत राहिली. पुढच्या रविवारी तिनं मुद्दाम तोच नाच पुन्हा मागून घेतला, ज्यात ती पडली होती. फेरात मधे यावं तशी एकटी आली. गिरकी पुरी घेतली. परीक्षकांनी नऊ, नऊ, दहा दिले, आणि त्याच आठवड्यात ती बाहेर पडली! दुसऱ्या कुणाच्या तरी जिल्ह्यानं आमच्यापेक्षा जास्त फोन गोळा केले होते. सुंदरराव पारावर गरजले, “परीक्षकांचं ऐकाया पायजे, पब्लिकला काय कळतंय!” केसरबाई इतकी हसली की तिला ठसका लागला.

पोरीची खोली सुटली हे खरं. आता दुसऱ्या एका पोरीबरोबर अर्ध्या खोलीत राहते, काम शोधते. पण त्या रविवारी फोन आलाच.

“आजी, किती?”

“नऊ.”

“दहा कावून न्हाई गं?”

“डावा पाय अजून उशिरा येतोय.”

तो नऊ अजून माझ्यावर आहे. चौकटीवर पांढरा थेंबही आहे, तो काही निघत नाही. मी आता खिडकीत असते. रविवार आला की अजूनही अंगाला कसंतरी होतं. मला पूजू नका, फुलं वाहू नका. एवढंच मागते, माझ्यावर वेडंवाकडं लिहा, कमी लिहा, चुकीचंही लिहा, पण पुसता येईल असं लिहा.

तर ब्रश रंगात भिजलेला, आणि केसरबाई पोरीच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

“रंगव रं बंकट, दहाच रंगव, पण ऋते, मग आजपास्नं नाचून आलीस की मला ‘आजी, किती?’ म्हणून फोन करायचा न्हाई.”